पेशीतील लघु संदेशवाहक प्रथिनांची विशिष्टता : रास कुलाचे उदाहरण

कर्करोगाच्या रुग्णाने पुढे ठेवलेल्या अहवालात ‘के-रास म्युटेशन पॉझिटिव्ह’ अशी नोंद आता अनेकदा आढळते. रुग्णाचे आप्त तिचा अर्थ वैद्यांनाही विचारतात. तो सांगता यावा, यासाठी प्रस्तुत लेखात रास प्रथिनांचा विचार केला आहे.

रास हे सुमारे २१ किलोडाल्टन वजनाचे लहानसे प्रथिन आहे. जीटीपी या रेणूशी संयुक्त असता ते कार्यप्रवृत्त होते; जीटीपीचे जीडीपी झाले की निवृत्त होते. स्वबळावर मात्र या दोन्ही क्रिया ते फारच मंदपणे करते. त्याला प्रवृत्त करण्यास ‘सॉस’सारखी आणि शांत करण्यास ‘गॅप’ वर्गातील साहाय्यक प्रथिने लागतात.

या कुलातील एच-रास, एन-रास व के-रास यांचा पहिल्या सुमारे १६५ अमिनो आम्लांचा भाग जवळजवळ सारखाच असतो. पुढील प्रथिनांशी ज्या पृष्ठभागाने संबंध येतो, तो तर तंतोतंत एक. मग कार्यभेद कशामुळे? त्याचे बरेचसे उत्तर शेवटच्या वीस-पंचवीस अमिनो आम्लांच्या शेपटीत आहे. तिन्ही शेपट्यांना फार्नेसिल हा स्निग्ध अंश जोडला जातो. त्याखेरीज एच-रासला दोन व एन-रासला एक पामिटेट लाभते. हे बंध तुटतात व पुन्हा जुळतात; त्यामुळे ही दोन प्रथिने गॉल्जी पिंड व पेशीपटल यांच्यामध्ये ये-जा करीत राहतात. के-रासच्या प्रमुख रूपाला पामिटेट नसते. लायसीनच्या धनभारित रांगेमुळे ते ऋणभारित पेशीपटलाच्या आतील बाजूस धरून राहते. चेहरा एकच, पण स्थान निराळे. म्हणून सोबतीही निराळे.

स्थानभेदाने कार्यभेद ही कल्पना स्थानसंश्रयाचा अभ्यास केलेल्या वैद्याला परकी वाटणार नाही. परंतु तेवढ्यावरून आपल्या संहितांत रास प्रथिन शोधू नये, ही विनंती.

ही शेपूट चिकित्सेतही निर्णायक ठरली. फार्नेसिलची जोडणी रोखणाऱ्या टिपिफार्निबची स्वादुपिंडाच्या कर्करोगात मोठी चाचणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. फार्नेसिल न मिळाल्यास के-रास जेरानिलजेरानिल हा दुसरा स्निग्ध अंश जोडून घेते. एच-रासला ही पळवाट नाही. म्हणूनच एच-रास दोष असलेल्या शिरोग्रीवेच्या काही अर्बुदांत त्याच औषधाचा परिणाम दिसला.

के-रासमधील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी दुसरे अमिनो आम्ल आले, की गॅपला आपले काम करता येत नाही आणि के-रास प्रवृत्तच राहते. तेथे सिस्टीन असल्यास, म्हणजे ‘जी१२सी’ दोष असल्यास, सोटोरासिब त्याच्या गंधकाशी कायमचे जखडते. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी या औषधाला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. स्वादुपिंडात मात्र ‘जी१२डी’ अधिक आढळतो. तेथे सिस्टीन नसल्याने हा बंध जुळत नाही. ‘के-रासवर औषध निघाले आहे ना?’ असे आप्तांनी विचारल्यास प्रथम अहवालातील हे अक्षर व अंक पाहावेत. ते नसल्यास कर्करोगतज्ज्ञांकडून मागवून घ्यावेत.