वाचा हरपली, म्हणजे विचार हरपला काय?

पक्षाघातानंतर रुग्ण बोलेनासा झाला की, "आता त्यांना काही कळत नाही," असे सांगून नातलग संमतिपत्रावर स्वतःच सही करतात. पूर्वी आम्हीही ती निमूटपणे स्वीकारीत असू. म्हणूनच या समजाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

मेंदूतील, बहुधा डाव्या अर्धगोलातील, भाषेशी निगडित भागास इजा झाल्यास बोलणे, समजणे, वाचणे व लिहिणे या क्रिया कमी-अधिक प्रमाणात बाधित होतात. यास वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णास तपासले. त्याच्या मुखातून 'तान' याखेरीज क्वचितच काही उमटे. परंतु येथे किती वर्षे आहात, असे विचारता त्याने चार वेळा पंजा उघडून शेवटी एक बोट दाखविले. २१ वर्षे, हे उत्तर बरोबर होते.

इंग्लंडमधील रोझमेरी व्हार्ली व सहकाऱ्यांनी २००५ साली तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणी कोणास मारले, हा वाक्यातील भेद त्यांना कळत नसे. मात्र वजाबाकीतील संख्यांची अदलाबदल केल्यास उत्तर बदलते, हे ते अचूक जाणत. आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसांना हे उदाहरण विशेष बोलके वाटते.

अर्थात, प्रत्येक रुग्णास सर्व काही समजते असे नव्हे. काहींना ऐकलेल्या शब्दांचाही बोध होत नाही. मेंदूस व्यापक इजा झाली असल्यास विचारशक्तीही क्षीण होते. म्हणून रुग्णास किती समजते, हे वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. केवळ मौनावरून निष्कर्ष काढू नये.

कुटुंबीयांनी रुग्णाशी छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. चित्रे, अंक व खुणा यांचे साहाय्य घ्यावे आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा. घर, पैसा व उपचार यांविषयीचे निर्णय त्यांना वगळून, त्यांच्याच खाटेशेजारी उभे राहून घेऊ नयेत.

वाचा-उपचारांचे फळ सावकाश दिसते व त्यांची छायाचित्रे काढता येत नाहीत. तथापि, घरातील वडीलधाऱ्यास स्वतःचे मत पुन्हा मांडता येणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या दानशूर हितचिंतकांनी या कार्याकडेही आस्थेने पाहावे, ही नम्र विनंती.