रिमोटच्या ट्रकचा क्लच का घसरला?

मोटार भर्रकन फिरते पण गाडी जागची हलत नाही. असे का होते, सांगा पाहू! त्याचे उत्तर आम्ही शोधून काढले. ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

माझा आतेभाऊ चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्याकडे रिमोटवर चालणारा ट्रक आहे. जत्रेत मिळतो तसला नव्हे बरं का! तो खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा आहे आणि त्याचा प्रत्येक भाग खोलता येतो. रिमोटमधून रेडिओच्या लहरी निघतात. त्या ट्रकमधल्या छोट्या पेटीला कळतात आणि ट्रक पळतो. पण आता तो पळेना. नुसता किंचाळायचा. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितले होते, "आतली सगळी गिअरपेटी बदलावी लागेल." खर्च ऐकून आत्या म्हणाली, "त्यापेक्षा भंगारात देऊन टाकते." दादाचे तोंड एवढेसे झाले. आमचे गुरुजी म्हणाले, "आधी रोग कुठे आहे ते बघू. मग औषध ठरवू." शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ओट्यावर बसलो.

क्लच म्हणजे काय?

मोटारीच्या दांडीवर एक लहान दातेरी चाक असते. ते शेजारच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. मोठ्या चाकाला लागून क्लचच्या चकत्या असतात. एक स्प्रिंग त्यांना चाकावर दाबून धरते आणि स्प्रिंगवर नट असतो. चकत्यांनी चाक घट्ट धरले की आतली दांडी फिरते. मग गिअरपेटी, मग आस, मग ट्रकची चाके.

या धरून ठेवण्याला घर्षण म्हणतात. फ्रान्समधील आमोंतों नावाच्या शास्त्रज्ञांनी १६९९ साली मांडले, की जितके जास्त दाबावे तितके घर्षण जास्त. हे गुरुजींनी सांगितले. म्हणजे नट आवळला की स्प्रिंग जास्त दाबते आणि क्लच कमी घसरतो.

मी विचारले, "गुरुजी, मग नट पार आवळूनच का टाकत नाहीत?" गुरुजी म्हणाले, "ट्रक बांधावरून उडी मारतो तेव्हा चाकांना जोराचा हिसका बसतो. तो हिसका दात्यांपर्यंत गेला तर दाते मोडतील. क्लच त्या वेळी थोडा घसरतो, म्हणून दाते वाचतात." मला लगेच काकांची पिठाची गिरणी आठवली. तिथेही एकदम जास्त भार आला की पट्टा घसरतो. पट्टा फार सैल झाला तर मात्र दळणच होत नाही.

साहित्य : गोटी पाना, स्क्रू ड्रायव्हर, खडू, स्वच्छ फडके, थोडे स्पिरिट.

कृती :

१) प्रथम ट्रकची बॅटरी काढून ठेवली. मोटार अचानक फिरली तर बोट सापडते. भाग गार होऊ दिले. घसरणाऱ्या चकत्या फार तापतात. तळहात जोरात चोळून पहा, म्हणजे कळेल.

२) वरचे झाकण काढले. नटापासून मोठ्या दातेरी चाकापर्यंत खडूने एक सरळ रेघ मारली.

३) मी मागची दोन्ही चाके घट्ट धरली. दादाने मोठे दातेरी चाक अंगठ्याने फिरवले. ते सहज फिरले! नट जागेवरच राहिला आणि रेघेचे दोन तुकडे झाले. रोग सापडला. दाते मोजत मोजत पाहिले, एकही मोडलेला नव्हता.

४) नट काढला. निघालेले भाग निघतील त्या क्रमाने पाटीवर मांडले, म्हणजे बसवताना घोटाळा होत नाही. चकत्यांना ग्रीसचा ओशटपणा लागला होता. ओशट जागी पकड राहत नाही. फडक्यावर स्पिरिट घेऊन त्या पुसल्या. हे काम गुरुजींनी केले, कारण स्पिरिट पेट घेते. चकत्या पूर्ण वाळू दिल्या.

५) सगळे उलट क्रमाने बसवले. स्प्रिंग पुरती दबेपर्यंत नट हळूहळू आवळला आणि मग अर्धा फेरा मागे घेतला. वर्गात पाव, अर्धा, पाऊण शिकलो ते इथे कामाला आले.

६) पुन्हा चाके धरून पाहिले. आता मोठे दातेरी चाक जोर लावला तरच जरासे सरकत होते.

७) झाकण लावले, बॅटरी बसवली. आधी रिमोट चालू करायचा, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट.

निरीक्षण : गुळगुळीत शहाबादी फरशीवर ट्रकची चाकेच घसरतात, त्यामुळे तिथे क्लचची परीक्षा होत नाही. म्हणून शाळेच्या पटांगणात खरखरीत जमिनीवर गेलो. सुटताना हातभर अंतर बारीक 'चर्र' असा आवाज आला आणि मग थांबला. एवढे घसरणे चांगले असते. मग १ लिटर पाण्याची बाटली ट्रकवर बांधली, म्हणजे १ किलो ओझे झाले. ट्रक चढावर न थांबता गेला. दादा तर नाचायलाच लागला!

निष्कर्ष : क्लच फार सैल असेल तर गाडी चालत नाही. फार घट्ट असेल तर दाते मोडतात. तो बेताचा हवा. नवा भाग एकही लागला नाही. आत्याला फोन करून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग राहू दे बाई भंगार!"

लक्षात ठेवा : गाडी हलत नाही म्हणजे क्लचच बिघडला असे नाही. मोटारीवरच्या लहान चाकाचा बारीक स्क्रू सैल झाला, तरी मोटार नुसतीच फिरते. तेव्हा मोठे दातेरी चाक फिरतच नाही. मोटारीपासून चाकापर्यंत एकेक भाग पाहत जावे. जिथे फिरणे थांबते, तिथे रोग.

आता तुम्ही सांगा : सायकलच्या ब्रेकचे रबर ओशट झाले तर काय होईल? आणि का? उत्तर लिहून गुरुजींकडे द्या. बरोबर उत्तर पुढच्या भित्तिपत्रिकेत लावू.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी