सुकाणूपुढची फळी

उजनीचे धरण आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. माढा तालुक्यात भीमा नदी अडवली आणि १९८० साली धरण पुरे झाले. मागे यशवंतसागराचे पाणी पसरले. गावे पाण्याखाली गेली, देवळे गेली, विहिरी आणि बांध गेले. या काठाचे सोयरे त्या काठाला राहिले. सडकेने जावे तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक होडीने जाऊ लागले. मासे धरणारांचे तर पोटच या पाण्यावर आहे.

पण हे पाणी तळ्यासारखे दिसले तरी तळे नव्हे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून एक होडी निघाली. तिला पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला जायचे होते. वाटेत वादळी वारा सुटला. होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत लहान लेकरेही होती.

आज आपण होडीवर यंत्रे बसवण्याची फळी कशी करावी ते पाहणार आहोत. फळीने वारा थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आभाळ भरून आले तर होडी काठालाच बांधावी. अंगावर तरंगणारे जाकीट हवेच. मग फळी कशाला? तर नावाड्याला अंधारात दिवा लागावा, भोंगा वाजावा, फोन भरलेला राहावा, आणि पाण्याखाली काय आहे ते कळावे. ऐन वेळी बटण दाबले आणि दिवा लागलाच नाही, तर तो दिवा असून नसून सारखाच.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरते. जुन्या भिंती, झाडांची खोडे वर येऊ लागतात. पळसदेवचे जुने देऊळ तर पाणी फार उतरले की उघडे पडते. जे उघडे दिसते त्याचे भय नाही. भय आहे हातभर पाण्याखाली दडलेल्या भिंतीचे. त्यासाठी खोली सांगणारे यंत्र मिळते. कोकणात ट्रॉलरवरचे तांडेल असले यंत्र मासे शोधायलाही वापरतात. होडीच्या मागच्या अंगाला पाण्यात एक डबी बसवतात. ती आवाज सोडते. आवाज तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज एका सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तळ ६ मीटर खोल असेल, तर जाऊन येऊन १२ मीटर झाले. त्याला सेकंदाचा सव्वाशेवा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजते आणि आकडा दाखवते.

आता फळीकडे वळू. ज्या होडीला पुढे सुकाणूचे चाक आहे, तिची फळी चाकासमोर बसते. दुकानात तयार फळ्या मिळतात, पण प्रत्येक होडीची जागा निराळी. मापाने करून घेतलेली बरी.

पहिल्याच दिवशी करवत हातात घेऊ नका. आधी पुठ्ठा घ्या. फळीच्या मापाचा कापा. त्यावर यंत्र, बटणे, भोंग्याची कळ यांची चित्रे काढा आणि पुठ्ठा जागेवर बांधा. मग होडी पाण्यात न्या आणि दिवसभर चालवा. बसून पाहा, उभे राहून पाहा. समोरचे पाणी झाकले जाते काय? चाक धरून दुसरा हात बटणापर्यंत पोचतो काय? ऊन मावळतीला आले की यंत्राची काच चमकते काय? चमकत असेल तर फळी थोडी कलती करा. पुठ्ठा दोन रुपयांचा, फळी पुष्कळ महाग. चुका पुठ्ठ्यावर करून घ्याव्यात.

लाकूड कोणते घ्यावे? सागवान उत्तम. नाहीतर पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्या. त्यावर आयएस ७१० असा छाप असतो. तो छाप स्वतः वाचून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका. जाडी १२ मिलिमीटर पुरे. पाणी प्लायवूडच्या तोंडावाटे नव्हे, तर कडेवाटे आत शिरते. म्हणून प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूलाही रंगाचे तीन हात द्या. हे काम कंटाळवाणे आहे आणि पुष्कळ लोक इथेच आळस करतात. दोन पावसाळ्यांत फळी फुगते ती याच आळसाने.

यंत्राबरोबर कागदी साचा येतो. तो चिकटवून त्याप्रमाणे भोक पाडा. कोपऱ्यांत आधी गिरमिटाने गोल भोके घ्या, मग बारीक करवत चालवा. मागे चार बोटे तरी मोकळी जागा ठेवा, कारण तारांना वळायला जागा लागते. फळीला खालून बिजागऱ्या लावा. म्हणजे वरचे दोन स्क्रू काढले की फळी पुढे झुकते आणि मागच्या तारा दिसतात. स्क्रू न गंजणारे, स्टीलचे घ्या.

तारांच्या बाबतीत मिस्त्री आणि नावाडी यांचे बोलणे नेहमी असे होते :

“मिस्त्री, घरातली वायर उरलीय की. तीच लावा.”

“आबा, ती एकाच जाड तारेची हाय. इंजनाच्या हादऱ्यानं मोडतीया. बारीक तारांची पिळलेली वायर आणा.”

“अहो, पण बारा व्होल्टचा करंट. त्यानं काय हुतंय?”

“हाताला झटका बसत न्हाई, हे खरं. पर दोन तारा चिकटल्या तर लाल हुत्यात. आन् शेजारी पेट्रोलचा डबा हाय, आबा.”

मिस्त्रींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. म्हणून बॅटरीच्या अधिक खुणेच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज फळीपाशी बसवला, तर बॅटरीपासून फळीपर्यंतची सगळी तार उघड्यावरच राहिली. तार घासून सोलली तर तिला कोण वाचवणार?

तार किती जाड हवी, याचा हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. समजा दिवा १२ वॅट, खोलीचे यंत्र १८ वॅट आणि फोन भरायला १२ वॅट. मिळून ४२ झाले. ४२ भागिले १२, म्हणजे साडेतीन अँपिअर. बॅटरी मागे ५ मीटरवर असेल, तर जायची आणि यायची मिळून १० मीटर तार झाली. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर वाटेतच सुमारे ०.४ व्होल्ट खर्च होतो. अडीचची घेतली तर पाव व्होल्ट. घरच्या २३० व्होल्टमधून एवढे गेले तर कळतही नाही. बारामधून गेले की दिवा मंद होतो. म्हणून अडीचची घ्यावी. भोंगा आणखी चारेक अँपिअर ओढतो. तेव्हा मुख्य फ्यूज १० अँपिअरचा ठेवा आणि प्रत्येक बटणाला छोटा फ्यूज वेगळा.

बॅटरी किती वेळ पुरेल, तेही काढून पाहा. ४० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरावी, म्हणजे ती टिकते. २० भागिले साडेतीन, म्हणजे साडेपाच तासांवर थोडे.

तार फळीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्या. तारेवरून आलेले पाणी झोलाच्या तळाशी टपकते, यंत्रात जात नाही. होडीवर होकायंत्र असेल, तर त्याच्याजवळ भोंगा किंवा रेडिओचा कर्णा बसवू नका. त्यांत लोहचुंबक असतो, आणि उत्तर भलतीकडेच दिसू लागते. अधिक आणि उणे या दोन तारा एकमेकींभोवती पिळून न्या. मग एकेक बटण दाबून होकायंत्राची सुई हलते काय ते पाहा.

शेवटी बटणांखाली नावे घाला. बाजारात इंग्रजी अक्षरांच्या चिठ्ठ्या मिळतात. त्या नकोत. बारीक कुंचला घ्या, पांढरा रंग घ्या आणि आपल्या हाताने मोठी अक्षरे काढा : दिवा, भोंगा, खोली, फोन. नावाडी पडला तर शेजारी बसलेल्या माणसालाही ती वाचता आली पाहिजेत. सर्वांत वर ठळक आकड्यांत ११२ लिहा, म्हणजे संकटात कोणता नंबर फिरवायचा ते कोणालाही दिसेल. समुद्रावर होडी असेल तर खाली १५५४ लिहा. तो तटरक्षक दलाचा नंबर आहे. रंग वाळायला एक दिवस द्या. मग फळीवर बादलीभर पाणी ओता, आणि काठालाच, अंधार पडल्यावर, सगळी बटणे एकदम चालू करून पाहा.