शांत बसल्यावर जे वर येते



घरभेटीसाठी वाड्यांमधून फिरत असताना एका भगिनीने मला ओट्यावर बसवून विचारले, "फादर, आमचा मुलगा कानात वायर घालून मोबाइलवर मेडिटेशन करतो. शेजारीण इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन आली. आपल्यात असे काही नाही का? आणि खरे सांगायचे तर मी रोझरी घेऊन बसले की डोक्यात सुनेचे बोलणे, संपत आलेला गॅस, धाकटीचे लग्न असे सगळे एकदम सुरू होते. मला काही ध्यान जमायचे नाही." चहा येईपर्यंत मी काहीतरी उत्तर दिले, पण ते धड नव्हते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आपल्यात ध्यान आहे आणि ते फार जुने आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे चौथ्या शतकातले तपस्वी पवित्र शास्त्रातले एखादे छोटे वचन दिवसभर मनात घोळवीत असत. संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकाला पोप तिसरे पॉल ह्यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्या पुस्तकात प्रार्थनेची एक पद्धत आहे ती अशी : प्रभूच्या प्रार्थनेतला एक शब्द एका श्वासाबरोबर घ्यावा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्याच शब्दावर, किंवा ज्याला उद्देशून तो उच्चारला त्याच्यावर मन ठेवावे. श्वासावर लक्ष ठेवणे आपण कालपरवा कुणाकडून शिकलो, असे मुळीच नाही.

आपल्या मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो ह्यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला 'साधना' संस्थेत हेच काम पुढे नेले आणि पूर्वेकडच्या पद्धतींची त्याला जोड दिली. त्यांचे १९७८ सालचे पुस्तक काहींच्या कपाटात असेल. त्यांच्या लेखनाबद्दल, विशेषतः नंतरच्या, व्हॅटिकनने १९९८ साली सावधगिरीची सूचना काढली होती, हेही सांगितले पाहिजे. त्याआधी १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी व्हॅटिकनने जगातल्या सर्व बिशपांना एक पत्र पाठवले होते. इतर धर्मांच्या पद्धतींमध्ये जे चांगले आहे ते घ्यायला हरकत नाही, मात्र प्रार्थना म्हणजे देवाशी व्यक्तिशः नाते ही आपली समजूत त्यात झाकली जाऊ नये, असा त्याचा आशय. शरीराला वाटणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन असे मानू नये, असाही इशारा त्यात आहे. तो मला फार मोलाचा वाटतो. पंख्याखाली दुपारची झोप झाली तरी शांत वाटतेच!

आता त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. डोळे मिटले की जे नको तेच वर येते, त्याचे काय करायचे?

पुन्हा संत इग्नेशियस ह्यांच्याकडेच जाऊ या, पण संत होण्यापूर्वीच्या इग्नेशियसकडे. स्पेनमधल्या पांप्लोना येथे १५२१ सालच्या मे महिन्यात फ्रेंचांशी लढताना तोफगोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून पुन्हा मोडून बसवले. तरीही गुडघ्याखाली उंचवटा राहिला. दरबारी तंग बूट त्यावर शोभणार नाहीत, म्हणून भूल नसलेल्या त्या काळात त्यांनी ते हाड कापून घेतले. असा हा तिशीतला हौशी माणूस कित्येक महिने खाटेवर पडून होता. वेळ घालवायला त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते एक ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या जीवनकथा.

पडल्या पडल्या त्यांच्या मनात दोन प्रकारचे विचार येत. एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय पराक्रम करू, तिच्याशी कसे बोलू, ह्यात तीन-तीन, चार-चार तास जात. कधी वाटे, संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक ह्यांनी जे केले ते मी का करू नये? दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. फरक पडे तो नंतर. पहिला विचार संपला की मन कोरडे आणि असमाधानी राही. दुसरा संपल्यावरही आनंद टिकून राही. बरेच दिवस हे त्यांच्या लक्षात आले नाही. एके दिवशी आले आणि त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी हा अनुभव आपल्या एका सहकारी धर्मगुरूला सांगून लिहवून घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

त्यांनी विचार थांबवले नाहीत, मन रिकामे केले नाही. विचार येऊ दिला, जाऊ दिला आणि तो मागे काय ठेवून गेला हे पाहिले. ध्यानाने माणूस बरा होतो तो ह्या पाहण्यामुळे, असे मला वाटते. नुसत्या शांततेने थकवा जातो. जखम मात्र होती तिथेच राहते.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत असतो, तर एवढ्या खात्रीने सांगितले नसते. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. 'मी म्हणजे कोण' ह्या विषयावर निबंध लिहून चांगले गुणही मिळवले. पण स्वतःच्या पोटातला राग मला कित्येक वर्षे ओळखता आला नाही. वडील वारल्यानंतर वर्षभरात माझ्या भावाने आमची वाडी विकली. केळीची बाग, बावखल, ज्या आंब्याखाली मी पाठांतर केले तो आंबा, सगळे गेले. मला विचारले नाही, नंतर फक्त कळवले. मी त्याला काहीच बोललो नाही. धर्मगुरूने जमिनीवरून भांडू नये, असे स्वतःला सांगितले आणि घरी जाणे बंद केले. सणाला कामे असतात, हे कारण धर्मगुरूला नेहमीच उपलब्ध असते. 'क्षमा' ह्या विषयावर माझी प्रवचने त्या काळात बरी होत, असे लोक म्हणत.

मग एका वर्षी आठ दिवसांच्या मौन रिट्रीटला गेलो. पहिले दोन दिवस छान गेले. श्वासावर लक्ष, पाखरांचे आवाज, मन निवांत. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रार्थनेला बसलो आणि भावाचा चेहरा समोर आला. छातीत असे काही पेटले की मी उठून बाहेर चकरा मारू लागलो. संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक धर्मगुरूंना म्हणालो, "आज ध्यान बिघडले." ते वयोवृद्ध होते, हळू बोलत. म्हणाले, "बिघडले नाही, आता सुरू झाले. उद्या त्याला हाकलू नका. प्रभूला शेजारी बसवा आणि दोघे मिळून बघा."

दुसऱ्या दिवशी बसलो. राग आला. मनातल्या मनात भावाला जे बोलायचे ते सगळे बोललो. बोलताना बरे वाटले आणि नंतर अगदी कोरडे वाटले, इग्नेशियसना वाटे तसे. तेव्हा मी प्रभूला विचारले, ह्याच्या खाली काय आहे? बराच वेळ काहीच नाही. मग वडिलांचे शेवटचे आजारपण आठवले. इस्पितळाच्या फेऱ्या भावाने मारल्या होत्या. रात्री तो बसला होता. बिले त्याने भरली होती आणि त्यासाठी कर्ज काढले होते. मी दोनदा जाऊन तेल लावून, प्रार्थना करून आलो होतो. रागाच्या खाली लाज होती. वाडी गेल्याचे दुःख खरेच होते, पण वडिलांजवळ मी नव्हतो, ही गोष्ट मला स्वतःपासून लपवायची होती आणि त्यासाठी भावाचा अपराध मला फार सोयीचा पडत होता.

रिट्रीट संपल्यावर घरी गेलो. वहिनीने चहा केला, सुकी मासळी तळली. वाडीचा विषय कुणी काढला नाही. निघताना मी भावाला एवढेच म्हणालो, "पपांचे सगळे तू केलेस." तो गप्प राहिला आणि मला नाक्यापर्यंत सोडायला आला. आता आम्ही बोलतो. त्या जागेवर उभी असलेली इमारत बघणे मात्र मला अजून जमत नाही. रिक्षा तिथून जाऊ लागली की मी दुसरीकडे पाहतो.

संत पेत्राच्या बाबतीत प्रभूने हेच केले, असे मला अलीकडे जाणवू लागले आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाच्या शेकोटीचा उल्लेख दोनच ठिकाणी येतो. एक प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत असताना पेत्राने प्रभूला ओळखत नसल्याचे सांगितले. दुसरा पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या समुद्रकिनारी, जिथे प्रभूने निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते. पेत्राने तीनदा नाकारले होते, त्याला तीनदाच विचारले गेले. तोच धूर, तोच वास. झाले गेले विसर, असे प्रभूने त्याला म्हटले नाही. त्याला आधी जेवू घातले आणि मग त्याच्याबरोबर पुन्हा त्या आठवणीत गेला. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असे शुभवर्तमान सांगते. बरे होताना दुखते, हे शेतात कोयता लागलेल्या कुणालाही माहीत आहे.

तर मग घरी करायचे कसे? संत इग्नेशियस ह्यांची दैनंदिन आत्मपरीक्षणाची रीत सगळ्यात सोपी. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्या माणसालाही ती जमते. रात्री जेवण आटोपले, टीव्ही बंद झाला की पंधरा मिनिटे बसा. खुर्ची चालेल. गुडघे दुखत असतील तर मांडी घालायचा हट्ट नको. बसण्यापूर्वी क्षणभर उभे राहून प्रभू आपल्याकडे कसा पाहतो आहे ह्याचा विचार करा. हेही संत इग्नेशियस ह्यांनीच सांगितले आहे, आणि माझ्या मते निम्मे काम तिथेच होते, कारण पुष्कळांना तो पोलिसासारखा पाहतो असे वाटत असते. मग श्वास नुसता जाणवू द्या. एका श्वासाला 'पित्या' एवढा एकच शब्द पुरे. दिवसभरात जे मिळाले त्याबद्दल आभार माना, प्रकाश मागा आणि सकाळपासूनचा दिवस सावकाश नजरेखालून घाला. कुठे मन उघडले, कुठे आखडले? एखाद्या ठिकाणी मन अडखळले तर पुढे जायची घाई करू नका, तिथेच थांबा. सुनेचे बोलणे आठवले तर तेच तुमचे त्या रात्रीचे ध्यान. ते आठवल्यावर आत काय उरले ते पाहा आणि प्रभूला सांगा. चुकले असेल त्याची क्षमा मागा, उद्यासाठी एखादी छोटी गोष्ट ठरवा आणि झोपा. विहीर उपसताना आधी गाळ येतो, म्हणून कुणी पंप बंद करत नाही.

एका बाबतीत मात्र कडक शब्दांत लिहितो. ध्यान सुरू केले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्याच्या, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. कुणी ध्यानशिबिरात तसे सांगितले तर ऐकू नका, अगदी सांगणारा झगा घातलेला असला तरी. एकट्याने खोल जाणेही धोक्याचे असते. पांप्लोनाच्या पुढच्या वर्षी, मान्रेसा गावी, तासन्‌तास प्रार्थना करणाऱ्या इग्नेशियसना जुन्या पापांच्या शंकांनी इतके छळले, की खोलीतल्या एका भोकातून स्वतःला खाली झोकून द्यावे असे त्यांच्या मनात येऊ लागले. सुटकेसाठी त्यांनी आठवडाभर अन्न सोडले. त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपवास सोडायला सांगितले आणि त्यांनी तो सोडला. एवढ्या मोठ्या संताला जेवायला सांगणारे कुणीतरी लागले. म्हणून ध्यानात मरणाचे विचार येऊ लागले, किंवा लहानपणी कुणी केलेला अत्याचार वर आला, तर बसणे तिथेच थांबवा. विश्वासातल्या माणसाशी बोला, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात श्रद्धा कमी पडते असे काही नाही.

ह्या गुरुवारपासून संध्याकाळच्या मिस्सानंतर पवित्र साक्रामेंतासमोर अर्धा तास मौन ठेवू. गाणी नाहीत, माइक नाही. पहिली पाच मिनिटे मी थोडे सांगेन आणि मग मीही बाकावर बसेन. लहान मुले असतील तर घेऊन या, ती आवाज करतीलच. नंतर ज्यांना बोलायचे असेल त्यांच्यासाठी मी साक्रिस्तीत थांबेन. त्या भगिनीला निरोप : रोझरी सोडू नका, ती घेऊनच या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू