विमानाचे पाय

(विमान म्हटले की आपल्याला पंख आठवतात. घरी बनवलेल्या छोट्या विमानाला पाय आणि चाके कशी बसवतात, ती कोठे बसवायची हे कसे ठरवतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

नववीच्या वर्गात एकदा विमानाचा विषय निघाला. एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, विमान तर हवेत उडते. मग त्याच्या चाकांचा एवढा विचार कशाला करायचा? बैलगाडीची बसवली तरी चालतील!"

सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले यशस्वी उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या विमानाला चाके नव्हतीच. ते एका लाकडी रुळावरून सुटले आणि खाली लावलेल्या दोन लाकडी पट्ट्यांवर वाळूत उतरले. आजच्या विमानाला मात्र डांबरी धावपट्टीवर उतरायचे असते, आणि तेही वेगाने. उडालेले प्रत्येक विमान खाली येतेच. ते जमिनीला टेकते तेव्हा सगळा भार या चाकांवर आणि त्यांच्या पायांवर येतो. या पायांना लँडिंग गिअर म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. कॅप्टन अमोल यादव हे मुंबईचे वैमानिक. नोकरी सांभाळून स्वतः विमान बनवायचे, असे त्यांनी ठरवले. १९९८ साली त्यांनी सुरुवात केली. पहिली दोन विमाने आकाशात गेली नाहीत. तिसरे विमान त्यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बनवले. ते सहा आसनांचे होते. काम काही वर्षे चालले. घरच्या लोकांनी त्यासाठी पैसा उभा केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईला 'मेक इन इंडिया' प्रदर्शन भरले, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले आणि प्रदर्शनात पुन्हा जोडले. हजारो लोकांनी ते पाहिले.

आता विचार करा. गच्चीवर इंजिन सुरू करून पाहता येते. पंखांची हालचाल तपासता येते. चाक हाताने फिरवून पाहता येते. पण गच्चीवर विमान उतरवून पाहता येत नाही! पाय नीट बसले की नाही, हे शेवटी धावपट्टीवरच कळणार, आणि तेव्हा आत माणूस बसलेला असणार. म्हणून घरी विमान बनवणाऱ्याला पायांचा सगळा हिशेब आधी कागदावर करावा लागतो.

या हिशेबातला पहिला प्रश्न असा: चाके नेमकी कोठे बसवायची?

याचे उत्तर शोधायला मी आमच्या नेकनूरच्या आठवडी बाजारात गेलो. तेथे एक वृद्ध गाडीवान कडब्याच्या पेंढ्या भरत होते. मी विचारले, "चाचा, एवढा वेळ का लावता? पेंढ्या कशाही टाकल्या तर काय होईल?"

"मास्तर, ओझं आसाच्या मागं गेलं तर गाडी उलाळती. धुरा वर उठती आन् बैलांचा गळा आवळतो. सगळं पुढं टाकलं तर जू मानेवर दाबतं, बैल चालत नाहीत. थोडंसंच ओझं पुढं पाहिजे."

चाचा शाळेत गेले नव्हते, पण विमान बनवणाऱ्यालाही हेच सांगावे लागते. विज्ञानाच्या तासाला तुम्ही ज्याला मरकज-ए-सिक्ल म्हणता, त्याला मराठीत गुरुत्वमध्य म्हणतात. ज्या विमानाला नाकाखाली एक लहान चाक असते, त्याची दोन मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या थोडी मागे असावी लागतात. ती फार मागे गेली तर नाकावर ओझे वाढते आणि उड्डाणाच्या वेळी नाक उचलत नाही. ती गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ आली तर मागच्या आसनावर दोन जाडजूड माणसे बसताच विमानाचे शेपूट जमिनीवर आपटते. म्हणजे उलाळलेली गाडीच!

सहा आसनांच्या विमानात ही अडचण मोठी असते. कधी एकटा वैमानिक बसणार, कधी सहाही जागा भरणार. टाकी कधी भरलेली, कधी रिकामी. प्रत्येक वेळी गुरुत्वमध्य थोडा सरकतो. या सगळ्या स्थितींत चाके योग्य जागीच राहिली पाहिजेत.

गुरुत्वमध्य डोळ्यांनी दिसत नाही, पण काट्यावर सापडतो. विमान समपातळीत उभे करून प्रत्येक चाकाखाली एक वजनकाटा ठेवतात. समजा, पुढच्या चाकाखाली ६० किलो आणि मागच्या प्रत्येक चाकाखाली २२० किलो वजन भरले. एकूण वजन ५०० किलो झाले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर १.५ मीटर आहे. आता ६० ला १.५ ने गुणा आणि ५०० ने भागा. उत्तर येते ०.१८ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या १८ सेंटिमीटर पुढे आहे. एकूण वजनाचा साधारण आठवा हिस्सा नाकावर आहे, हे ठीक आहे. एवढा साधा गुणाकार आणि भागाकार, पण त्यात चूक झाली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. (गणिताच्या तासाला "हे कुठे उपयोगी पडते?" असे विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.)

काही विमानांचे लहान चाक नाकाखाली नसून शेपटाखाली असते. जुनी विमाने बहुतेक अशीच होती. त्यांची मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. असे विमान खडबडीत मैदानावर चांगले चालते, पण जमिनीवर सरळ ठेवणे कठीण जाते. ट्रॅक्टर उसाची ट्रॉली ओढतो तेव्हा ती मागे सरळ येते. तीच ट्रॉली ट्रॅक्टरने मागे ढकलून पाहा! जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते. शेपटाखाली चाक असलेले विमान असेच गर्रकन फिरू शकते. म्हणून काही हौशी लोक आपल्या विमानाचे मागचे चाक काढून नाकाखाली बसवतात. सेसना या अमेरिकन कंपनीने आपल्या १७० नावाच्या विमानात असाच बदल केला आणि १९५६ पासून ते १७२ या नावाने विकले. पुढे ते जगात फार गाजले.

पण असा बदल म्हणजे नुसते चाक इकडचे तिकडे करणे नव्हे. मुख्य पायही मागे सरकवावे लागतात. जुन्या जागी विमानाचा सांगाडा मजबूत केलेला असतो, नव्या जागी तो तसा नसतो. तेथे फक्त पातळ पत्रा किंवा साधी नळी असेल आणि त्यावरच पाय ठोकला, तर पहिल्याच धक्क्याला पाय सांगाडा फाडून वर येईल. म्हणून आधी आतून आधार द्यावा लागतो, म्हणजे धक्का एका जागी न राहता सांगाडाभर पसरतो. बोल्टचे भोकही पट्टीच्या काठाला लागून पाडत नाहीत. भोकाचा मध्य काठापासून निदान बोल्टच्या जाडीच्या दुप्पट आत ठेवतात. नाहीतर कापडाच्या काठाला टाका घातल्यावर ते जसे उसवते, तशी धातूची पट्टी फाटते. नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याला पिन किंवा तार घालतात.

आता धक्क्याचा हिशेब करू. भिंतीवरून उडी मारताना तुम्ही गुडघे वाकवता. गुडघे ताठ ठेवले तर कमरेपर्यंत कळ जाते. विमानाच्या पायालाही असाच गुडघा लागतो. ५०० किलोचे विमान दर सेकंदाला १.५ मीटर या वेगाने खाली येत टेकले, तर त्या खाली येण्याची गतिज ऊर्जा सुमारे ५६२ ज्यूल होते. (ऊर्जा म्हणजे तुमची तवानाई.) पाय १५ सेंटिमीटर दबला, तर ही ऊर्जा शोषायला सरासरी ३,७५० न्यूटन बल लागते. हे विमानाच्या वजनापेक्षाही कमी आहे. पण पाय ताठ असेल आणि फक्त १ सेंटिमीटर दबला, तर हेच बल ५६,२५० न्यूटन होते, म्हणजे विमानाच्या वजनाच्या अकरा पटींहून जास्त! विमान तेच आणि वेगही तोच आहे. फरक फक्त १४ सेंटिमीटरचा आहे. आणि खाली येण्याचा वेग दुप्पट झाला, तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

हा गुडघा बनवण्याच्या अनेक रीती आहेत. काही जण रबराच्या जाड दोऱ्या गुंडाळतात. त्या स्वस्त असतात, पण रबर जुने झाले की बदलावे लागते. मोठ्या विमानांत तेल आणि हवा भरलेली नळी असते. पिचकारीतून पाणी जोराने बाहेर पडते, तसे तेल आतल्या बारीक छिद्रातून जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. सर्वांत सोपी रीत अमेरिकेच्या स्टीव्ह विटमन यांनी काढली. ते स्वतः विमाने बनवत आणि शर्यतीत उडवत. त्यांनी पोलादाची एक लवचीक पट्टी वाकवून तिचाच पाय केला. ट्रकच्या चाकांवर पाटे असतात ना, तशीच ही एक कमान. सांधा नाही, तेल नाही, दोरी नाही. सेसना कंपनीने ही रीत त्यांच्याकडून घेतली आणि १९४० च्या दशकापासून आपल्या छोट्या विमानांना असे पाय लावले. (कमान, मजबूत, हिशेब, जमीन हे शब्द मराठीत आले आहेत ते तुमच्याच घरातून. म्हणून हा पाठ तुम्हाला फार अवघड जाऊ नये.)

कमानीचा एक दोषही आहे. ती दबते तशी उसळतेही. विमान जोरात टेकले तर चेंडूसारखे पुन्हा वर उडते.

पाय बसले, की चाके एकमेकांना समांतर आहेत का हे पाहावे लागते. चाके वाकडी असतील तर टायर लवकर झिजतात आणि विमान एका बाजूला ओढते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विमानाच्या नाकापासून आणि शेपटापासून ओळंबे सोडतात, जमिनीवर दोन खुणा करतात आणि त्यांमधून खडूची दोरी ताणून रेघ मारतात. आपले गवंडी भिंत सरळ आहे का ते असेच पाहतात. मग त्या रेघेपासून प्रत्येक चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर मोजतात. येथे एक गंमत आहे. कमानीच्या पायावर वजन आले की पाय बाहेर पसरतात आणि चाके तिरपी होतात. म्हणून विमान अधांतरी ठेवून माप घेतले तर ते चुकते. कारागीर प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे ठेवतात आणि त्यांमध्ये ग्रीस भरतात. वरचा पत्रा घसरतो, चाके आपल्या नैसर्गिक जागी येतात, आणि मग माप घेतात.

पंखा जमिनीला लागू नये म्हणून पाय पुरेसे उंचही हवेत. नाकाखाली चाक असलेल्या छोट्या विमानात पंख्याचे टोक जमिनीपासून निदान ७ इंच वर असावे, असा अमेरिकेत नियम होता. टायरमधली हवा गेली आणि पाय पूर्ण दबला, तरीही पंखा जमिनीला टेकता कामा नये.

उडण्याआधी पायांची परीक्षा कशी घ्यायची? त्यांना उंचावरून टाकून! १.५ मीटरचा तो वेग म्हणजे वस्तू साधारण साडेअकरा सेंटिमीटरवरून पडल्यावर येणारा वेग. त्या अमेरिकन नियमांत पायांना ९.२ ते १८.७ इंच उंचीवरून टाकून पाहायला सांगितले होते. उंची किती घ्यायची हे पंखांवरच्या भारावरून ठरे. टाकल्यावर पाय वाकडा झाला, तर तो कारखान्यातच वाकडा झाला, कोणाचा जीव गेला नाही.

कॅप्टन यादव यांच्या विमानाचे पुढे काय झाले? भारतात घरी बनवलेले विमान कोणालाही मनाला येईल तेव्हा उडवता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते. विमानाची नोंदणी २०१७ साली झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ साली मिळाला. एवढी वर्षे वाट पाहणे सोपे नव्हते. मग विमान धुळ्याच्या धावपट्टीवर नेण्यात आले आणि २०२० साली तेथे त्याच्या चाचण्या झाल्या.

अशा चाचण्यांत कोणीही पहिल्या दिवशी आकाशात झेप घेत नाही. आधी विमान माणसाच्या चालीने धावपट्टीवर चालवतात. ब्रेक लावून पाहतात. थांबवून पाय, बोल्ट, टायर तपासतात. मग वेग थोडा वाढवतात, पुन्हा थांबतात, पुन्हा तपासतात. नाक उचलते का ते पाहतात. सगळे ठीक असेल तर चाके जमिनीपासून जरा वर उचलतात आणि त्याच धावपट्टीवर, समोरच, लगेच खाली टेकवतात. त्यानंतर वैमानिक खाली उतरतो, गुडघ्यावर बसतो आणि पायाचा प्रत्येक बोल्ट पुन्हा हाताने चाचपतो.

शब्दार्थ
आस : ज्या दांड्यावर चाके फिरतात तो दांडा. उलाळणे : मागच्या ओझ्याने गाडीचा पुढचा भाग वर उठणे. कडबा : ज्वारीची वाळलेली ताटे. सांगाडा : ढाचा. ओळंबा : दोरीला बांधलेले वजन, ज्याने सरळ उभी रेषा कळते. अधांतरी : जमिनीला न टेकता. चाचपणे : हात लावून पाहणे.

स्वाध्याय
१. गाडीवान चाचांचे बोलणे प्रमाण मराठीत लिहा.
२. 'गच्चीवर विमान उतरवून पाहता येत नाही.' या अडचणीमुळे बनवणाऱ्याला काय करावे लागते?
३. एका विमानाच्या पुढच्या चाकाखाली ४५ किलो व मागच्या प्रत्येक चाकाखाली २४० किलो वजन भरले. चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या किती पुढे आहे?
४. तुमच्या गावातील गाडीवान, सुतार, गवंडी किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कारागीर यांपैकी एकाला भेटा. तो आपल्या कामात कोणते माप कसे घेतो, ते विचारून दहा ओळी लिहा.