डीएसपी घरबसल्या शिकायला खर्च किती?

इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग आलं की रत्नागिरीतल्या घरांतही दोन प्रश्न निघतात: क्लास लावायचा का, आणि मॅटलॅब हे सॉफ्टवेअर विकत घ्यायचं का? पहिल्याचं उत्तर मुलाच्या गणितावर आहे. दुसऱ्याचं सरळ आहे, घेऊ नका.

सुरुवात केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्सपासून करा. आयआयटी खरगपूरची डीएसपी प्रयोगशाळा तिथे ब्राउझरमध्ये चालते, फी काही नाही. आधी सॅम्पलिंग घ्या. ७०० हर्ट्झच्या लहरीचे सेकंदाला १००० नमुने घेतले, तर ती ३०० हर्ट्झची भासते. असं का, हे वहीत मांडून मगच पुढचा प्रयोग उघडा. नुसती बटणं दाबून आलेख उतरवले की जर्नल भरतं, डोकं रिकामंच राहतं.

मग स्वतः प्रोग्रॅम लिहायला ऑक्टेव्ह घ्या. तेही फुकट, आणि आज्ञा बहुतांशी मॅटलॅबसारख्याच. फक्त फिल्टरच्या आज्ञा वेगळ्या ‘सिग्नल’ पॅकेजात असतात. ते आधी बसवून लोड केलं नाही, तर ‘बटर’ लिहिल्यावर एरर येते. (हे बटरवर्थ फिल्टरचं बटर, चहाबरोबरचं नव्हे.) सायलॅब हा दुसरा फुकट पर्याय. त्याचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलवर मराठीतूनही आहेत. मॅटलॅबच हवं असेल, तर कॉलेजचा परवाना आहे का ते विचारा. नसेल तर त्याची ऑनलाइन बेसिक आवृत्ती महिन्याला २० तास फुकट वापरता येते, सरावाला तेवढे पुरतात.

हार्डवेअर किटच्या भानगडीत पडू नका. घराजवळच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण कुंपणाबाहेर उभं राहून मोबाइलवर रेकॉर्ड करा, वेव्ह फाइल बनवा आणि ऑक्टेव्हमध्ये एफएफटी (वारंवारतांचं विश्लेषण) लावा. १०० हर्ट्झपाशी सुळका दिसायला हवा. वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून दुप्पट.

पैसे लागतात ते प्रमाणपत्राला. एनपीटेलच्या ऑनलाइन कोर्सची व्याख्यानं आणि असाइनमेंट मोफत, परीक्षेची फी साधारण १००० रुपये. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण मिळवले, तरच प्रमाणपत्र. फॉर्म भरताना केंद्राचं शहर नीट बघा. कोल्हापूर निघालं तर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर जावं लागेल, तेव्हा जाण्यायेण्याचं भाडं आणि एक दिवस हिशेबात धरा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा सॉफ्टवेअर आणि व्याख्यानं मे महिन्यातच उतरवून ठेवा. आणि कुणी हजारोंचं ‘ऑनलाइन लॅब पॅकेज’ विकायला आला, तर खरगपूरच्या फुकट लॅबपेक्षा त्यात जास्तीचं काय आहे ते लेखी मागा, मगच खिशात हात घाला.