गोवा पासिंग

आमच्या गडहिंग्लजात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की दहातले चार जण तरी सांगतात, ‘आंबोली उतर, गोव्यात स्वस्त मिळते.’ हे खोटं नाही. तिथला रोड टॅक्स आपल्यापेक्षा कमी. नवी गाडीच कमी पैशांत रस्त्यावर येते, म्हणून जुनीचा भाव तिथूनच खाली सुरू होतो. शिवाय अख्खं राज्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. गाडी पळून पळून पळणार किती?

याच हिशेबानं २०२३च्या मे महिन्यात मी म्हापशाला गेलो. २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, एकच मालक, रनिंग एकतीस हजार. विकणाऱ्यानं सांगितलं, ‘डॉक्टरची गाडी, पात्रांव.’ (जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर आणि शिक्षक सोडून कोणी गाडी चालवतच नसावं. मी स्वतः शिक्षक आहे आणि माझी गाडी कशी असते ते मला ठाऊक आहे.) कोल्हापुरात तशा गाडीला तीन लाख चाळीस हजार सांगत होते, इथं दोन ऐंशीला तुटलं. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं, एसी गार होता, रंग चकचकीत होता. वर विकणारा म्हणाला, ‘खालून अंडरबॉडी कोटिंगपण नवीन करून दिलंय, त्याचे पैसे लावत नाही.’ मला तो दिलदारपणा वाटला.

जूनमध्ये आजऱ्याच्या पावसात बायकोनं पाय वर घेतले. तिच्या पायाखालचा गालिचा भिजला होता. काच बंद, दार बंद, वरून थेंब नाही; पाणी खालून येत होतं. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडी वर उचलली, त्या काळ्याकुळकुळीत कोटिंगवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्री म्हणाले, ‘सर, ही गाडी पत्र्यावर नाही, रंगावर उभी आहे.’

समुद्राकाठी गंज लवकर चढतो हे मला माहीत होतं, पण तो कुठून चढतो याचा विचार मी केला नव्हता. खाऱ्या हवेतलं मीठ पत्र्याच्या सांध्यात बसतं. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे बाहेर ऊन पडलं तरी सांधा आत ओलाच राहतो. त्यात गोव्याचा चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आणि किनाऱ्यावरची वाळू. म्हणून जी गाडी रोज पळते, धुतली जाते, वाळते, ती बरी. नारळाखाली आठवडाभर उभी राहणारी वाईट. मी ज्या एकतीस हजार किलोमीटरवर भाळलो होतो, त्याचा अर्थ एवढाच होता की ती आठ वर्षं बहुतेक काळ खाऱ्या हवेत उभी होती. गोव्यात कमी रनिंगला जास्त पैसे मोजू नका. गाडी किनाऱ्यापासून किती लांब राहायची आणि छपराखाली होती की उघड्यावर, हे विचारा.

आता कोणी विचारलं तर मी सांगतो, जाताना जुनी चादर आणि बॅटरी घेऊन जा. बॉनेट उघडण्याआधी चादर टाका आणि गाडीखाली आडवे व्हा. शर्ट खराब होईल, होऊ दे. दाराच्या उंबऱ्याची खालची कड, जॅक लावायची जागा, मागच्या चाकांवरच्या कमानीची आतली बाजू, सस्पेन्शन जिथं बॉडीला बसतं ती जागा आणि ब्रेकच्या पाइपा, एवढ्या ठिकाणी बोटांनी चाचपा. वरवरचा तांबूस थर सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पापुद्रे सुटत असतील तर मात्र उठा. आठ-दहा वर्षांच्या गाडीला खालून ताजं कोटिंग दिसलं तर ते का केलं, असं विचारा. नुकतं केलेलं काळं कोटिंग माझ्या लेखी आता अपशकुन आहे.

दार उघडून त्याची खालची कड बघा. तिथं पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं आणि दार आतून कुजतं. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि तांदळाएवढे फोड येतात. फोड दिसत नसतील तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पत्र्याला ते चिकटतं, लांबी भरलेल्या जागी ढिलं पडतं. बंपरला कुठंच चिकटणार नाही, तो प्लॅस्टिकचा असतो. माझा मेहुणा यावरून एका विक्रेत्याशी भांडला होता. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात घाला, पुढचा गालिचा उचला आणि वास घ्या. अत्तराचा पुडा टांगलेला असेल तर काच लावून दहा मिनिटं बसा.

सगळ्यांना भीती भाड्याच्या गाडीची. पर्यटकांना स्वतः चालवायला देतात त्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. त्या पुढं खासगी करून पांढऱ्या पाटीवर विकता येतात. त्यात बेकायदा काही नाही, पण भाव वेगळा हवा. जुन्या वर्षांच्या इन्शुरन्स पॉलिसी मागा, त्यात गाडी काय म्हणून नोंदली होती ते कळतं.

कागदांचं दुखणं वेगळं. कोल्हापूरच्या आरटीओत कळलं की टॅक्स मी दिलेल्या दोन ऐंशीवर नसतो. गाडी नवी असतानाची किंमत धरतात आणि वयाप्रमाणे कमी करत येतात. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तेव्हा मूळ दर ११ टक्के होता. मला एकतीस हजार पडले. म्हणजे स्वस्ताईतला अर्धा हिस्सा मी गोव्यात वाचवला आणि ताराराणी चौकापर्यंत पोचायच्या आत परत केला. व्यवहाराआधी आपल्या आरटीओतून हा आकडा काढून घ्या, मगच घासाघीस करा. ‘म्हापशाच्या पाहुण्याचा पत्ता लाव, टॅक्सच नको’ असाही सल्ला मिळतो. पाहुणा आयुष्यभर पाहुणा राहील याची खात्री असलेल्यांनीच तो ऐकावा.

एनओसी म्हणजे फॉर्म २८. ती कोणत्या आरटीओसाठी हे त्यावरच लिहिलेलं असतं, तेव्हा गाडी कोणाच्या नावावर आणि कुठं चढवायची हे आधी ठरवा. चलन बाकी असेल किंवा बँकेचा बोजा उतरला नसेल तर एनओसी अडते. एनओसी हातात पडेपर्यंत थोडे पैसे मागं ठेवावेत. मी सगळे देऊन बसलो आणि त्या एका कागदासाठी चोर्ला घाटातून दोनदा गेलो. इन्शुरन्स आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

खरी फजिती तपासणीच्या दिवशी झाली. चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. आमच्या गाडीत तो नंबर पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर होता. शेवटचे दोन आकडे गंजानं खाल्ले होते. तीन वेळा घासलं, तीनदा नुसता पापुद्रा उठला. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडी मी चोरून आणली आहे. ते निस्तरायला अर्ज, हेलपाटे आणि सव्वा महिना गेला. गाडी घेताना मी आरसीवरचा नंबर विकणाऱ्याच्या मोबाइलवर पडताळला होता, पत्र्यावरचा नव्हता.

पत्रा कापून नवा जोडायला अडतीस हजार, एजंट आणि फेऱ्यांना नऊ. टॅक्स धरून अठ्ठ्याहत्तर. वाचवले होते साठ. गाडी अजून आहे, इंजिनानं कधी दगा दिला नाही, आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तिला खालून गोड्या पाण्यानं धुतो.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्या वेंगुर्ल्याला गाडी बघायला गेला. व्हिडिओ कॉलवर त्यानं चारही बाजूंनी दाखवली, पांढरी, सुरेख. मी म्हटलं, ‘खाली झोप.’ तो कुरकुरत आडवा झाला. बराच वेळ फोनवर नुसतं आभाळ दिसत होतं. मग त्याचा तळवा पुढं आला.

‘काका, हात लाल झाला.’